मेंडेलचा वाटाणा वहीत, पऱ्हाटी वावरात

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या दहावीच्या कोणत्याही पोराला विचारा, मेंडेलचं गुणोत्तर किती? झोपेतून उठवलं तरी सांगेल, तीनास एक. दोन गुणांचं विचारा, नऊ-तीन-तीन-एक. आता त्यालाच विचारा, तुझ्या बापाने जूनमध्ये कृषी केंद्रातून बीटीची थैली आणली, तिच्या पऱ्हाटीची सरकी पुढच्या वर्षी घरचं बियाणं म्हणून काहून लावत नाहीत रे बाप्पा? गप्प. बरं, गुलाबी बोंडअळी आधी बीटी खाऊन मरत होती, आता काहून मरत नाही? "औषध कमी पडते" नाहीतर "कंपनी चोर आहे". बापाचं उत्तरही हेच. मग नऊ-दहा वर्षं शाळेत जाऊन फरक काय पडला?

यात पुस्तकाचा दोष कमी आहे, हे आधी सांगून टाकतो. नववीत ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ आहे. दहावीत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ आहे. त्यात बीटी कापूस आहे, बीटी वांगं आहे, तणनाशकाला दाद न देणारी पिकं आहेत. सिकलसेल आहे. आपल्या वऱ्हाडाच्या वावरात आणि घरात जे चाललं आहे ते जवळपास सगळं त्या पानांवर आहे. पण वर्गात ते वाचून दाखवलं जातं, अधोरेखित केलं जातं आणि संपतं.

दहावीला विज्ञानाचे लेखी ८० गुण, प्रात्यक्षिकाचे २०. या वीस गुणांचं आपल्याकडे काय होतं ते शिक्षकांना माहीत आहे, संस्थेला माहीत आहे, पालकांना तर चांगलंच माहीत आहे. गेल्या वर्षीच्या वहीवरून यंदाची वही. ताईच्या वहीतली आकृती भावाच्या वहीत, फक्त पेन्सिल नवीन. निरीक्षण लिहिलेलं, पण निरखलेलं काहीच नाही. अनुमान तर प्रयोगाच्या आधीच लिहून तयार. खाली लाल पेनाची सही आणि वीसपैकी अठरा-एकोणीस. सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाला कुलूप, चावी कोणाकडे ते कोणाला माहीत नाही. बारावीच्या जीवशास्त्राला तर ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं, तिथेही बऱ्याच ठिकाणी हीच तऱ्हा. पोरगं नीटच्या शिकवणीला अमरावतीला असतं आणि हजेरी इथल्या कॉलेजात लागते.

आपण पालक यावर बोलत नाही, कारण गुण मिळतात. फुकटचे वीस गुण कोणाला नको आहेत?

आता मी म्हणतो ते काय आहे, ते मूग-मसुरावर सांगतो. हा खेळ कोणत्याही वर्गात एका तासिकेत होतो. डब्यात मुगाचे ९० दाणे टाका, मसुराचे १०. मूग म्हणजे बीटी खाऊन मरणारं जनुक, मसूर म्हणजे बीटी पचवणारं. डोळे मिटून दोन दाणे काढा, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ही झाली एक अळी. पाहा, नोंदवा, दाणे परत डब्यात टाका. पचवण्याचा गुण अप्रभावी धरू, म्हणजे दोन्ही मसूर असतील तरच अळी जगते. एक मूग, एक मसूर असेल तरी मरते. अशा शंभर अळ्या काढल्या तर जगणारी सरासरी एक. बापरे, काय भारी तंत्रज्ञान, शंभरातल्या नव्याण्णव मेल्या! पण आता पुढची पिढी करा. जगलेल्या अळ्यांचेच पतंग होणार आणि त्यांच्यात फक्त मसूर आहे. पुढच्या डावात डब्यात सगळा मसूर, आणि एकही अळी मरत नाही.

आता तोच डाव दुसऱ्या तऱ्हेने खेळा. शंभर अळ्या बीटीवर, आणि वीस अळ्या धुऱ्याजवळच्या नॉन बीटीच्या तासांवर, जिथे कोणीच मरत नाही. त्या विसांकडून डब्यात चाळीस दाणे येतात, त्यात मसूर सरासरी चार. बीटीवरून वाचलेल्या एकीचे दोन. एकूण ४२ पैकी ६. मसूर १० टक्क्यांवरून १४ वर गेला, १०० वर नाही. खऱ्या वावरात पहिला प्रकार इतक्या झटपट होत नाही, शेजारून पतंग येतात, वर्षं लागतात. पण दिशा हीच.

थैलीसोबत जी १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची, ती याच्यासाठी होती. ४५० ग्रॅम बीटी आणि १२० ग्रॅम नॉन बीटी. वावराच्या चहूबाजूंनी पाच तास किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, नॉन बीटीचं लावायचं. आपल्यापैकी किती जणांनी लावलं? खरं सांगा. पुडी धुऱ्यावर फेकली, कोणी नांग्या भरायला वापरली, कोणी तशीच ठेवून दिली. कारण सांगणाऱ्याने "रेफ्युजी लावा" एवढंच सांगितलं, काहून लावायचं ते नाही सांगितलं. अळीला आपल्याच हाताने चारा कोण लावेल? शेतकऱ्याचा हिशेब बरोबरच होता, त्याला मूग-मसूर कोणी दाखवला नव्हता. पुडीतल्या बियाण्याच्या दर्जाच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्या, त्यात कंपन्यांना मी सोडत नाही. आता बरेच ठिकाणी दोन्ही बियाणं एकाच थैलीत मिसळून येते, म्हणजे शेतकऱ्याला समजावायची गरजच नको असं ठरलेलं दिसते.

आणि गुलाबी अळीच काहून माजली, अमेरिकन बोंडअळी तेवढी नाही? अमेरिकन अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, तिला आपल्या शिवारातच नॉन बीटी भेटते. गुलाबी जवळजवळ फक्त कपाशीवरची. शिवारभर बीटी, वर फरदड घेऊन मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. तिला दुसरा चारा नाही आणि सुट्टीही नाही.

एवढंही पुरे नाही, बोंडाच्या आतला मेंडेल तर पुढेच आहे. झाड संकरित. त्याच्या एकाच पालकाकडून बीटी जनुक आलं असेल, तर त्याच्या बोंडात जी सरकी तयार होते ती पुढची पिढी असते. पान आईचं, सरकी लेकराची. पानात विष आहे म्हणून सगळ्या सरकीत असेलच असं नाही. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या धरा, तर सहा-सात सरक्यांत ते जनुक नसणार. तीनास एक. गुलाबी अळी खाते काय? सरकी. बोंडाच्या आत बसून एका सरकीत विष, दुसरीत नाही, असं चाखत-चाखत ती पचवायला शिकते. शिकते म्हणजे शाळेतल्यासारखी नाही, मरणाऱ्या मरतात आणि अर्धवट पचवणाऱ्या तरतात. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी मुख्यतः सरळ वाणात आहे, आपल्याकडे ते संकरितमध्येच घातलं. संकरितमुळे अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढली, असं कापसाचे शास्त्रज्ञ किती वर्षांपासून सांगत आहेत. घरची सरकी काहून लावत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, एक झाड उंच, एक ठेंगणं, एकात बीटी, एकात नाही. मेंडेलच्या वाटाण्यात झालं तेच.

हे बोंड आपल्या शाळेच्या भिंतीपासून दोनशे फुटांवर लटकलेलं असते. आणि आपलं पोरगं वहीत वाटाण्याचं फूल काढत बसते.

२००२ च्या मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने आपल्या भागाचं काय केलं ते मी सांगायला नको. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या पोरांपैकी कितीतरी तेव्हा नववी-दहावीत असतील. जैवतंत्रज्ञान त्यांच्या घरात परीक्षेच्या आधी आलं होतं.

पुढचं प्रकरण चोर बीटीचं. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशकवालं बियाणं उघडपणे लावलं, गुन्हे दाखल झाले. कोणी म्हणतं शेतकऱ्याचं स्वातंत्र्य, कोणी म्हणतं जमिनीचं वाटोळं. निंदणाला मजूर भेटत नाही हे खरं आहे. थैलीत नेमकं काय आहे याची पावती नाही, हमी नाही, तक्रार कोणाकडे करायची तेही नाही, हेही खरं आहे. माझं मत विचाराल तर बिनपावतीचं बियाणं घेणारा लुटला जातो, आणि परवानगीचा निकाल वर्षानुवर्षं लटकवणारं सरकार त्या लुटीला जागा करून देते. तुमचं मत वेगळं असेल. पण वर्गात यावर एक तास वाद व्हायला काय हरकत आहे? अर्धा वर्ग बाजूने, अर्धा विरुद्ध, आणि अट एकच, जनुक, तणनाशक, परागकण हे शब्द वापरताना ते समजून वापरायचे. "राजकारण शाळेत नको" म्हणणाऱ्यांना विचारतो, बियाण्याचं राजकारण तुमच्या वावरात चालते तेव्हा तुम्ही त्याला गेट बंद करता काय?

सिकलसेलचं वेगळं आणि जपून बोलायला पाहिजे. विदर्भात हा आजार आहे, मेळघाटातच आहे आणि फक्त आदिवासींत आहे असं समजू नका. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणी झाली, कार्ड आलं, पुढे? आईबाप दोघेही वाहक असतील तर लोक समजतात, चार लेकरांत एक आजारी, पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. साफ चूक. प्रत्येक बाळंतपणाला चारास एक, नव्याने. दोन नाणी घ्या, एक आईचं, एक बापाचं. छाप म्हणजे बिघडलेलं जनुक. वर्गातल्या वीस जोड्यांनी प्रत्येकी चार-चार वेळा नाणी उडवावी. कोणाच्या चारही वेळा चांगलं येईल, कोणाच्या पहिल्या दोन्ही वेळा छाप-छाप. नाण्याला मागचं आठवत नाही, हे पोरीला चौदाव्या वर्षी समजलं तर ती विसाव्या वर्षी लग्नाआधी तपासणीचं विचारेल. मात्र कोणाच्याही घरचा रिपोर्ट वर्गात विचारायचा नाही. वंशवृक्ष काढायचा तो काल्पनिक कुटुंबाचा. पोरांत एकमेकांना चिडवायला एवढंसं निमित्त पुरते.

आता शिक्षकांची बाजू. निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी. मान्य. पण मी जे सांगितलं त्याला मूग, मसूर आणि दोन नाणी लागतात. पिकलेलं केळं, मीठ, भांडी घासायचं लिक्विड आणि थंडगार स्पिरिट असलं तर डीएनएचे पांढरे धागे काडीवर गुंडाळून दाखवता येतात. कामगंध सापळा कृषी केंद्रात भेटतो. एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ झाली, हा मोजणीचा प्रयोग नववीचं पोरगंही करते आणि बापाची एक फवारणी वाचवते. बीटी ओळखायची पट्टी पाहिजे असेल तर बडनेऱ्याजवळ दुर्गापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं विद्यापीठ आहे. भाऊसाहेबांचं पापळ आपल्यापासून किती लांब आहे? मुख्याध्यापकांचं एक पत्र तर जाऊ द्या.

संस्थाचालकांना एकच विचारायचं आहे, स्नेहसंमेलनाच्या मंडपाला पैसा निघतो, मग कपाटाच्या कुलपाची दुसरी चावी काहून निघत नाही?

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. आनुवंशिकतेच्या धड्याला किमान दोन प्रत्यक्ष प्रयोग, पोरांच्या हाताने. वहीत प्रत्येकाचे स्वतःचे आकडे, सगळ्यांचे सारखे आले तर गुण कापायचे. आणि पहिल्या वेच्याच्या आधी वर्गाची एक चक्कर वावरात, बोंड फोडून पाहायला. ज्यांचं वावर गावाला लागून आहे आणि दोन तास पोरांना येऊ देतील, त्यांनी मला निरोप द्या. बोंडं शंभरेक लागतील, त्याचा मोबदला देऊ.