खेळ सुटतो, खुराक सुटत नाही

गारगोटीत आणि भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांनी टेनिस बॉलच्या मॅचेस गाजवल्या, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आज तुम्ही चाळिशीत, पंचेचाळिशीत असाल. कपाटावर दोन-चार ढाली धूळ खात असतील. मैदानावर आता जाता ते पंच म्हणून, नाहीतर खुर्ची टाकून माईकवर बोलायला. घरच्यांनीही हे वाचावं. यातलं निम्मं काम त्यांच्याच हातून व्हायचं आहे.

"आम्ही खेळलेली माणसं. आम्हाला काय होतंय?" हे वाक्य तुम्ही म्हटलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. ते अगदीच खोटं नाही. ऑलिंपिक पदक मिळवलेले खेळाडू त्यांच्याच देशातल्या चारचौघांपेक्षा सरासरी पावणेतीन वर्षं जास्त जगले, असा हिशेब २०१२ साली मांडला गेला. फिनलंडमध्येही जुन्या नामवंत खेळाडूंचं असंच दिसलं. सांघिक खेळ खेळलेली माणसं इतरांपेक्षा तीन-चार वर्षं जास्त जगली होती.

पण अमेरिकेत पॅफेनबार्गर नावाच्या डॉक्टरांनी हार्वर्डच्या सुमारे सतरा हजार माजी विद्यार्थ्यांची माहिती तपासली. साल १९७८. कॉलेजात मैदान गाजवून पुढे जे बसून राहिले, त्यांना जुन्या खेळाचा काही फायदा उरला नव्हता. उलट कॉलेजात बॅटबॉलला हात न लावलेली, पण पुढे अंग हलतं ठेवणारी माणसं हृदयविकारापासून जास्त सुरक्षित होती. म्हणजे पंचविसाव्या वर्षी मारलेले षटकार पंचेचाळिसाव्या वर्षी खात्यावर जमा नसतात.

आता आपल्या मातीतलं बघा. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. तेवढ्यात समोरच्या संघानं पुढे खेळायलाच नकार दिला. रणजीत एका डावात एवढ्या धावा आजवर दुसऱ्या कुणी केलेल्या नाहीत, आणि या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही. भाऊसाहेब २०१२ साली कोल्हापुरातच गेले, वयाला त्र्याण्णव पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना. पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर तर १०१ वर्षं जगले. पन्नाशी ओलांडल्यावरही ते रणजी खेळत होते. बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड २०२४ साली गेले, ९५ वर्षांचे होऊन.

दुसरी बाजूही आहे. दत्तू फडकर जन्मानं कोल्हापूरचे. १९४८ सालीच ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी शतक ठोकलं होतं. ते ५९ व्या वर्षी गेले. फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅट्समनच्या पायाशी उभा राहून झेल उचलणारा एकनाथ सोलकर ५७ व्या वर्षी हृदयविकारानं गेला. चणीनं लहान पण चेंडू टाकायला वाघ असलेला रमाकांत देसाई ५८ व्या वर्षी, तोही हृदयविकारानंच. यात कुणाचा दोष काढायचा नाही, मेलेल्या माणसाचा तर नाहीच. रक्तातून काय येतं, नशिबात काय असतं, हे बाहेरच्यानं सांगू नये. एवढंच लक्षात घ्या, की देशासाठी खेळलेल्यांनाही हृदयानं सूट दिली नाही. आपण तर रविवारचे खेळाडू. त्यात आपल्याकडच्या माणसाला पहिला झटका पाश्चात्त्य देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. पन्नाशीच्या आसपासच.

मग करायचं काय?

आधी कमरेचा करदोटा बघा. दोन वर्षांपूर्वी सैल होता, आता आवळतोय? कातडीवर वळ उठतोय? मग वजनकाट्याची वाट बघू नका. शिंप्याकडची टेप आणा. बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता मोजा. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ऐंशीच्या वर गेली असेल, तर पोटात चरबी साठतेय. हातपाय सडपातळ दिसत असले तरी. आपल्याकडं ढेरी ही खात्यापित्या घरची खूण मानतात. ती समजूत सोडा.

दुसरं ताटाकडं बघा. खरं दुखणं इथं आहे. पैलवानाच्या घरी हे सगळ्यांना माहीत असतं. तालीम बंद झाली की खुराकही उतरवावा लागतो, नाहीतर अंग सुटतं. क्रिकेटवाल्याला हे कुणी सांगत नाही. दिवसभर मॅच खेळून आल्यावर चार भाकरी, वर मटणाचा रस्सा आणि तांब्याभर दूध पचत होतं. आता मोटारसायकलवरून रानात जाता, मोटारीचं बटण दाबता आणि परत येता. भाकरी मात्र चारच.

वहिनी, इथं तुमचा शब्द चालतो. एक भाकरी कमी करा, भाजी वाढवा. रस्सा बंद करू नका, कोल्हापूरकराला ते सांगणं व्यर्थ आहे. वरची तर्री तेवढी काढून ठेवा. लोणचं, पापड, खर्डा यातलं एका जेवणाला एकच. आणि "साखर नको, गूळ चालतो" हे आपल्या ऊसवाल्या मुलखातलं लाडकं वाक्य. साखर वाढलेल्या माणसाला गूळही चालत नाही.

तिसरं, मावा आणि सिगारेट. मैदानाच्या कडेला पुडी फिरते, कुणी नको म्हणत नाही. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती हृदयाच्या नळ्याही खराब करते, हे फार जण धरत नाहीत. घरातल्या बायकांची मिशेरी हीसुद्धा तंबाखूच. नवरा-बायको दोघांनी मिळून सोडलीत तर सुटेल. एकट्यानं अवघड जातं.

चौथं, तपासणी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी दवाखान्यात फुकट तपासून मिळते. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात जा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात. उपाशीपोटी जा. वर्षातून एकदा पुरे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तो कळत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली तर "बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. घरात वडील किंवा भाऊ पन्नाशीत हृदयविकारानं गेला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

आणि चाला. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, वेदगंगेच्या बाजूला किंवा जिथं गाड्या कमी तिथं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. एलीन ॲश नावाची इंग्लंडची महिला कसोटीपटू ११० वर्षं जगली. १०५ व्या वर्षी ती योगासनं करून दाखवत होती. तुम्हाला निदान उठाबशा जमतील.

आता थोडं मैदानाविषयी. चाळिशीवाल्यांच्या स्पर्धा हल्ली भरतात. चांगलं आहे, खेळा. पण दहा वर्षांनी एकदम उठून फास्ट बॉलिंग टाकू नका. आधी तपासून घ्या, दोन महिने चाला, मग हात फिरवा. अंगात ताप असताना किंवा तापातून नुकतं उठल्यावर खेळू नका. त्या दिवसांत हृदयावरही सूज असू शकते. एप्रिल-मेच्या दुपारी बारा ते चार मॅच ठेवू नका, बक्षीस केवढंही असो. बांगलादेशचा तमीम इक्बाल मार्च २०२५ मध्ये मॅच चालू असताना हृदयविकाराच्या झटक्यानं आजारी पडला. वय ३६. वेळेत उपचार मिळाले म्हणून वाचला.

वेळेत म्हणजे काय, हे आपण गारगोटीकरांनी नीट समजून घ्यावं. कोल्हापूर इथून पन्नासएक किलोमीटर. छातीत जड वाटतंय, डावा हात किंवा जबडा दुखतोय, दरदरून घाम फुटलाय, तर "गॅस धरलाय" म्हणत सोडा पिऊन झोपू नका. १०८ ला फोन लावा. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या, पुढं कुठं न्यायचं ते डॉक्टर सांगतील. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून नेऊ नका.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर कांदा हुंगवणं आणि तोंडात पाणी घालणं बंद. त्याला सपाट जागी उताणा झोपवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून जोरात दाबा, दोन इंच खाली जाईल इतकं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दमलात तर दुसऱ्यानं हात घालावा, पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका. बरगडी मोडेल याची भीती नको. मोडलेली बरगडी जुळते.

मंडळांना एक विनंती. येत्या मोसमात चषकाची वर्गणी काढाल, तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात एक टेबल रक्तदाब तपासायला ठेवा. ग्रामीण रुग्णालयाला आधी कळवलंत तर कुणीतरी येईल. चाळिशीवरच्या खेळाडूचं नाव यादीत घेण्याआधी त्याचा रक्तदाब मोजा. छाती दाबायची रीत टीममधल्या दोन पोरांना तरी डॉक्टरांकडून शिकवून घ्या.

तुम्ही मात्र मोसमाची वाट बघू नका. या आठवड्यात एका सकाळी चहाच्या आधी दवाखान्यात जा, आणि वहिनींनाही बरोबर न्या. त्यांचा रक्तदाब तर कुणीच मोजलेला नसतो.