वणव्याचा पैसा हिवाळ्यात हवा

वणवा विझविणे आणि वणवा लागू न देणे ही दोन भिन्न कार्ये होत. पहिल्याचा पैसा वैशाखात खर्ची पडतो. दुसऱ्याचा मार्गशीर्ष-पौषातच हाती असावा लागतो. ही साधी गोष्ट आपल्या सरकारी अंदाजपत्रकांच्या पचनी अद्याप पडलेली नाही, असे माझे मत आहे. उत्तराखंडाच्या उदाहरणावरून ते वाचकांपुढे मांडतो.

तेथील डोंगरांवर, साधारणतः ९०० ते १,८०० मीटर उंचीच्या पट्ट्यात, चीड नावाचा सूचिपर्णी वृक्ष विपुल आहे. उन्हाळ्यात त्याची लांब, राळयुक्त, सुईसारखी पाने गळतात व जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो. स्थानिक लोक त्यास ‘पिरुल’ म्हणतात. हा थर वाळला की विडीच्या थोटकानेही पेट घेतो आणि आग उतारावरून झपाट्याने वर चढते. चिडाची साल जाड असल्यामुळे मोठे झाड बहुधा तगून राहते. शेजारच्या बांज वृक्षाची कोवळी रोपे मात्र जळून जातात. म्हणून वारंवार वणवा लागणाऱ्या डोंगरावर चीडच पसरत जातो, म्हणजे पुढच्या वणव्याचे सरपण वाढत जाते.

यावरील उपाय नवे नाहीत. जाळरेषा (हा मराठी शब्द मला फार नेमका वाटतो, कारण त्या पट्ट्यातील गवत व पाचोळा खरोखरच आधी जाळून टाकावयाचा असतो) थंडीत, जमिनीत ओल असतानाच साफ कराव्या लागतात. रस्त्याकडेचा पाचोळा उचलावा लागतो. टेहळणीसाठी गावोगावचे मजूर हंगामापूर्वी नेमावे लागतात. काम साधे आहे, परंतु वेळ टळली की ते करता येत नाही. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो आणि आपले आर्थिक वर्ष सुरू होते १ एप्रिलला. ऐन हंगामाच्या मध्यावर खतावणी बदलते!

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना पाठविते. सूचना मिळते, ती घेऊन धावणारा माणूस कोठे आहे? २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही असेच प्रश्न विचारले. वनकर्मचारी निवडणुकीच्या कामास का जुंपले? राज्याने १० कोटी रुपये मागितले असता ३ कोटी १५ लाखच का मिळाले? त्याच महिन्यात राज्य सरकारने पिरुलास किलोमागे ५० रुपये भाव जाहीर केला. भाव उत्तम होता, पण तो जाहीर झाला तेव्हा डोंगर पेटलेले होते. १३ जून रोजी बिनसर अभयारण्यात आग विझवावयास गेलेले चार कर्मचारी मरण पावले. हंगाम संपावयास दोनच दिवस उरले होते.

पैसा अपुरा असताना आधी आग विझवावी, प्रतिबंधाचे पुढे पाहू, असे कोणी म्हणेल. अमेरिकेने तो मार्ग अनुभवला आहे. तेथील वनसेवेच्या खर्चात आगीच्या कामांचा वाटा १९९५ साली १६ टक्के होता. २०१५ साली तो निम्म्याहून अधिक झाला, आणि वने निरोगी राखण्याची रक्कम आगीकडे वळू लागली. अखेर २०१८ साली कायदा करून आग विझविण्यासाठी वेगळ्या निधीची सोय करावी लागली.

केंद्राची वणवा प्रतिबंधक योजना हिमालयीन राज्यांना ९० टक्के साहाय्य देते. हे प्रमाण उदारच आहे. परंतु ती रक्कम नोव्हेंबरअखेर जिल्ह्यात पोहोचावी, अन्यत्र वळविता येऊ नये, आणि तिचा ठरावीक भाग थेट वनपंचायतींस मिळावा. १९२१ साली वनहक्कांवरील निर्बंधांनी संतप्त झालेल्या कुमाऊँच्या लोकांनी सरकारी चीडवने पेटविली होती. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. आज उत्तराखंडात अशा अकरा हजारांहून अधिक पंचायती आहेत. त्यांना हिशेब राखता येणार नाही, हा आक्षेप मला पटत नाही. बांजाखालचा झरा आटला तर घागर घेऊन दूर जावे लागते ते त्यांच्याच घरच्या स्त्रियांना. हिशेब तपासनिसाने अवश्य तपासावा. जाळरेषेची मजुरी मात्र माघ सरण्यापूर्वी गावात पोहोचलेली असावी.