हाकेला ओ कोण देणार?

वार्धक्यात तोल जाऊन पडणे ही किरकोळ घरगुती घटना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६,८४,००० माणसे पडून प्राणास मुकतात. त्यांत साठी ओलांडलेलेच सर्वाधिक. हाड मोडण्याइतकेच घातक ठरते ते मदतीवाचून तासन्‌तास जमिनीवर पडून राहणे. त्याने स्नायूंची हानी होते आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

यावर विज्ञानाने उपाय दिला आहे. २०१८ साली आलेले ॲपलचे मनगटी घड्याळ जोराचे पडणे ओळखते आणि माणूस सुमारे मिनिटभर निश्चल राहिल्यास आपण होऊन मदत मागते. ब्रिटनमध्ये गळ्यातील कळ दाबताच हाक रात्रंदिवस जागत्या केंद्रात पोचते. तेथील कर्मचारी घराची किल्ली ज्याच्यापाशी असेल त्याला धाडतात. यंत्राचे खरे सामर्थ्य या व्यवस्थेत आहे.

आपल्याकडे यंत्र विकत मिळते, व्यवस्था मिळत नाही. मुलगा परदेशी, दाराला आतून कडी, शेजाऱ्याला पत्ता नाही. अशा घरातून उठलेली हाक परदेशातील फोनवर वाजून विरते. २००७ च्या कायद्याने वृद्धांना निर्वाहाचा हक्क दिला, पण दार कोण उघडणार हे कायदा सांगत नाही. गृहनिर्माण संस्थांनी किल्ल्या सांभाळाव्यात, नगरपालिकांनी हाक ऐकणारी केंद्रे काढावीत, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा. तोवर हे महागडे घड्याळ दूरच्या मुलाचे समाधान करील. पडलेल्या आईला उठवणार नाही.