साजातील देव आणि साजामागचे हात

१/४
बालीतील चेलुक गावचे, पुराणकथांवर बेतलेले चांदीचे दागिने आपण कौतुकाने पाहतो. कथा आणि कारागिरीचा तोच मिलाफ आपल्या कोल्हापुरी साजातही आहे.

२/४
प्रचलित गणनेनुसार साजाची पाने २१ : १० दशावतारांची, ८ अष्टमंगलांची, २ माणिक-पाचूंची आणि १ डोरल्याचे. म्हणजे त्यातील मासा व कासव ही निव्वळ नक्षी नव्हे. ते मत्स्य आणि कूर्म होत.

३/४
आज हाच साज ‘डिझायनर’ म्हणून विकला जातो. कथेचे नाव असते, पेढीचेही असते. कारागिराचे मात्र नसते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकी क्रमांक अनिवार्य झाला. त्यावरून शुद्धता व सराफ कळतो, घडवणारा नाही.

४/४
मी चिखलीत राहतो. भोवतालच्या कारखान्यांत सुट्या भागांवर बॅच क्रमांक असतो. दोष निघाल्यास त्याचा माग काढता येतो. दोषासाठी ठेवला जाणारा माग कौशल्यासाठी का नसावा? साज घेताना घडवणाऱ्याचे नाव विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. उद्याच्या इतिहासकाराला तेवढाच कागद पुरावा म्हणून उरेल.