सभ्यपणे वागावे, ही विनंती

नियम करण्याच्या कामात मराठी माणसाचा हात धरणारा कुणी नाही. ते पाळण्याचं काम तो मोठ्या मनाने दुसऱ्यावर सोपवतो. आमच्या धरमपेठेत तर चार माणसं जमली की पाचव्याला अध्यक्ष करतात, आणि सहावा यायच्या आत त्याच्यासाठी नियमावली छापून मोकळी होतात. लक्ष्मीभुवन चौकातून ट्रॅफिक पार्कपर्यंत सहज चालत गेलात तरी वाटेत निदान दोन कार्यवाह भेटतील, आणि दोघांच्याही पिशवीत पावतीपुस्तक असेल.

अशाच एका मंडळाची नवी 'आचारसंहिता' सध्या माझ्या टेबलावर पडली आहे. पूर्वी आचारसंहिता फक्त निवडणुकीत लागायची आणि मतमोजणी झाली की सुटायची. आता ती मंडळांनाही लागते. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण उद्या भाजीला मला गोकुळपेठेतच जायचं आहे. जुन्या रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं हे मंडळ. वर्षातून एकदा दोन दिवसांचा मेळावा भरतो. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार ज्यांनी दप्तरात लपवून वाचला ते सत्तरी-ऐंशीतले लोक येतात. नारायण धारपांच्या कृपेने ज्यांना अजूनही रात्री मोरीपर्यंत सोबत लागते, ते माझ्या वयाचे येतात. नारळीकरांच्या कथा वाचून जे इंजिनिअर झाले ते पुण्याला असतात, त्यांच्या आया येतात. आणि हल्ली कॉलेजातली पोरंपोरीही यायला लागली आहेत. मागे एक मुलगा फास्टर फेणे होऊन, चौकड्यांचा शर्ट घालून, सायकलीसकट हॉलमध्ये शिरला, तेव्हा अध्यक्षांना वाटलं पेपरवाला बिल मागायला आला.

''तुम्ही ब्यांकेतले. तुमची नजर बारीक. एकदा पाहून द्या,'' असं म्हणून कार्यवाहांनी कागद दिला. त्यांची अपेक्षा अशी, की मी ऱ्हस्व-दीर्घ बघीन, दोन ठिकाणी स्वल्पविराम घालीन आणि ''उत्तम'' म्हणून परत करीन. मी कागद तीनदा वाचला. तिथेच सगळं बिनसलं.

एकूण नियम 17. चपला रांगेत ठेवाव्यात. खुर्च्या ओढू नयेत. पहिली रांग निमंत्रितांसाठी राखीव आहे. (निमंत्रित कोण? जे पहिल्या रांगेत बसतात ते.) चहाचे कप खुर्चीखाली ठेवू नयेत. तर्री-पोह्यांचं कूपन हरवल्यास दुसरं मिळणार नाही; हा नियम ठळक टायपात. मोबाईल बंद ठेवावा. आता मोबाईलच्या नियमाला माझा पाठिंबा आहे. 2019 साली सुमीत राघवनला नाशिकला 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग मोबाईलपायी मधेच थांबवावा लागला होता, आणि आपल्या मेळाव्यात तर भुताची गोष्ट ऐन रंगात आली की कुणाच्या तरी खिशातून हनुमान चालीसा सुरू होते.

हे सगळं ठीक. पण दहावा नियम असा आहे : 'सर्वांनी सभ्यपणे वागावे, ही विनंती.' आणि सतरावा असा : 'नियमांचे उल्लंघन करणाऱ्यावर योग्य ती कारवाई करण्यात येईल.'

आम्ही वाणिज्य शाखेचे लोक. चेक हातात आला की आम्ही अक्षराचं वळण बघत बसत नाही. कुणाच्या नावे आहे, रक्कम किती, तारीख कोणती, खाली सही कुणाची, एवढं बघतो. मग खात्यात शिल्लक आहे का ते बघतो. आता हा सतरावा नियम चेक म्हणून काउंटरवर आणा. 'योग्य त्या माणसाला, योग्य त्या दिवशी, योग्य ती रक्कम देण्यात येईल.' सहीच्या जागी काही नाही. असा चेक घेऊन कुणी आला तर आमचा शिपाईसुद्धा त्याला पाणी विचारून घरी पाठवील.

कूपन हरवलं तर काय होईल ते ठळक टायपात. माणसाची अब्रू हरवली तर मात्र 'योग्य ती'.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या वर्षी नोंदणीच्या टेबलावर बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी बसली होती. धारपांची पुस्तकं जवळजवळ पाठ असलेली. मंडळाचे एक ज्येष्ठ रसिक दर अर्ध्या तासाने टेबलापाशी यायचे. आधी खांद्यावर हात ठेवून ''शाब्बास''. मग पाठीवर. मग फोन नंबर. दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेली तर हे मागे हजर. तिने एका काकूंना सांगितलं. काकूंनी कार्यवाहांना सांगितलं. कार्यवाह म्हणाले, ''अहो, त्यांचं वय तरी पाहा! आणि हॉलचं अर्धं भाडं तेच देऊन राहिले दरवर्षी.'' झालं, चौकशी संपली. मुलगी दुपारनंतर दिसली नाही. यंदा तिला फोन केला तर म्हणाली, ''काका, परीक्षा आहे.'' मेळाव्याच्या आठवड्यात परीक्षा नाही हे मला ठाऊक आहे. माझा पुतण्या त्याच वर्गात आहे.

आणि मंडळाने यातून बोध काय घेतला म्हणाल, तर यंदाच्या कागदावर अकरावा नियम नवीन आला आहे : 'स्वयंसेविकांनी साधा व शोभेल असा वेष परिधान करावा.'

म्हणजे ग्राहकाचा खिसा कापला गेला, तर खिसेकापूला चहा द्यायचा आणि ग्राहकाला सांगायचं, की उद्यापासून बिनखिशाचा सदरा घालून या.

हे मी कार्यवाहांना बोलून दाखवलं, तर ते दुखावले. चांगला माणूस आहे, गेली वीस वर्षं स्वतःच्या स्कूटरवरून खुर्च्यांचे हिशेब करत फिरतो. म्हणाले, ''कशाला एवढं मनावर घेऊन राहिले तुम्ही? आपलं घरगुती मंडळ आहे. हे असले नियम मोठ्या कंपन्यांना.'' घरगुती! घरात पावतीपुस्तक असतं का? घरात पाहुण्यांकडून दोनशे रुपये प्रवेशशुल्क घेतात का? आणि 2013 चा जो कायदा आहे, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्धचा, त्यात संस्था आणि न्यासही येतात, आणि पगार न घेता स्वेच्छेने काम करणारी बाईही येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर संस्थेची अंतर्गत समिती लागते, अध्यक्षपदी बाई, निम्म्या तरी सभासद बायका, आणि एक माणूस बाहेरचा. दहा नसतील तर तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवीच्या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली विशाखा निकालात हे घालून दिलं. त्याचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं गेली. आमच्या ब्यांकेत त्या समितीच्या सभासदांची नावं भिंतीवर लावलेली आहेत. कॅलेंडरने अर्धी झाकली जातात ती गोष्ट वेगळी, पण आहेत. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची. योगायोग असा, की 2012 पासून चेकची मुदतही तीनच महिने आहे.

अध्यक्षांची शंका निराळी. ''उद्या कुणी खोटी तक्रार केली म्हणजे?'' प्रश्न रास्त आहे, पण तो नेहमी पहिलाच का येतो कोण जाणे. सतरा नियमांपैकी एकावरही त्यांना ही शंका आली नाही. चपला चोरीला गेल्याची खोटी तक्रार कुणी करील का, हे त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. कायद्यात याचंही उत्तर आहे : जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाई होते, पण नुसता पुरावा मिळाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही ऐकून घ्यावंच लागतं. खरं म्हणजे लेखी पद्धत नसली तर निरपराध म्हाताऱ्याचंच जास्त नुकसान. त्याची चौकशी मग कॉफी हाऊस चौकात होते, आणि तिथे निकाल बिल यायच्या आत लागतो.

तरी नुसतं लिहून भागत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 'रीडरकॉन' नावाचा असाच कल्पनारम्य आणि विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा मेळावा भरतो. त्यांचा नियम स्पष्ट होता : कुणाला त्रास दिल्याचं ठरलं, की कायमची बंदी. नाव, रक्कम, सही, सगळं जागच्या जागी. 2012 च्या जुलैत एका लेखिकेने तक्रार केली. ती खरी ठरली. पण माणूस त्या वर्तुळातला जुना, ओळखीचा. त्याला खरोखर पश्चात्ताप झाला आहे असं सांगून संचालकांनी त्याला दोनच वर्षांची बंदी दिली. म्हणजे चेक पूर्ण रकमेचा आणि खिडकीतून हातात आली चिल्लर. वाचकांनी असा काही आरडाओरडा केला, की संचालक मंडळाला राजीनामा द्यावा लागला आणि बंदी कायमची झाली. बॉस्टनच्या बाजूलाही 'त्यांचं वय तरी पाहा' म्हणणारे असतात, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

नियम लेखी नसले की ते दारावर उभ्या असलेल्याच्या मर्जीत राहतात. न्यूयॉर्कला 1939 साली पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, त्यात आयोजकांनी सहा वाचकांना आतच घेतलं नाही; का, तर ते गोंधळ घालतील. त्यातला एक फ्रेडरिक पोल. पुढे तो मोठा लेखक झाला. आपलंही फार वेगळं नाही. यवतमाळच्या 92व्या साहित्य संमेलनाला, 2019 च्या जानेवारीत, नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि मग नका येऊ म्हणून कळवलं. नाशिकला डिसेंबर 2021 मध्ये संमेलनाच्या जागीच गिरीश कुबेरांवर शाई टाकली गेली. पाहुण्याला बोलावल्यावर यजमानाने काय पाळायचं, हेही कुठेतरी लिहायला हवं. आमच्या सतरा कलमांत यजमानासाठी एकही नाही. सगळी कलमं खुर्चीवर बसणाऱ्याला. खुर्ची मांडणारा मोकळा.

तर मी कागद दुरुस्त करून दिला आहे. ऱ्हस्व-दीर्घ तसेच ठेवले. दहाव्या नियमाच्या जागी साध्या मराठीत लिहिलं : विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये, फोटो काढू नये, नंबर एकदा नाही म्हटल्यावर परत मागू नये, कुणाच्या मागे मागे जाऊ नये, जातीवरून, दिसण्यावरून, वेषावरून बोलू नये. फास्टर फेणे झालेल्या मुलाची सायकलही विचारूनच हातात घ्यावी. सतराव्याच्या जागी दोन माणसांची नावं आणि फोन नंबर, त्यातली एक बाई, आणि दोघांपैकी कुणीही देणगीदाराचं नातेवाईक नको. तक्रार लिहून घ्यायची, त्याच दिवशी त्या माणसाला टेबलापासून दूर ठेवायचं, सात दिवसांत दोन्ही बाजू ऐकून लेखी उत्तर द्यायचं. काय ठरलं तर काय होईल तेही लिहिलं : ताकीद, त्या वर्षीचा प्रवेश बंद, कायमचा बंद. शेवटी ओळ घातली, की देणगीची पावती दाखवून यात सूट मिळणार नाही. ती ओळ वाचून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला.

ब्यांकेविरुद्ध ग्राहकाची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर त्याला रिझर्व्ह ब्यांकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आम्ही ग्राहकाशी गोड बोलतो त्यामागे आमच्या संस्काराचा वाटा किती आणि लोकपालाचा किती, हे मी इथे छापून सांगणार नाही.

रविवारी सकाळी दहाला मंडळाची सभा आहे. अध्यक्षांचं म्हणणं, दहावा नियम बदलू, पण अकरावा राहू द्या, ''असूदे ना एक, कुणाला त्रास देऊन राहिला तो?'' मी लेखी कळवलं आहे, की अकरावा नियम छापला तर यंदा कॅश काउंटरवर मी बसणार नाही. सहा वर्षं मेळाव्याचा हिशेब पैशापैशाला जुळवून दिला. यंदा दुसरा माणूस बघावा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यवाहांची पोच घेतली आहे, तारखेसकट.