चन्नपट्टणची लाख आणि शाश्वततेचे दोन भ्रम

देशी कारागिरी मुळातच निसर्गाला धरून असते, तेव्हा तिला अभिकल्पाची, म्हणजे वस्तूचे रूप, साहित्य, बांधणी आणि वापर यांच्या एकत्रित योजनेची, निराळी गरज नाही, असा एक पक्ष शाश्वततेच्या चर्चेत नेहमी मांडला जातो. आणि कारागिराजवळ केवळ हात असतो, कल्पना मात्र शहरातल्या शिकलेल्या अभिकल्पकाने पुरवावी, असा दुसरा. बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरवर लागणाऱ्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांचा दाखला दोन्ही पक्ष देतात, म्हणून त्यांची तपासणी तिथेच करणे उचित.

पहिल्या पक्षाला भुरळ पडावी अशीच ही प्रक्रिया आहे. कन्नडमध्ये ‘आले मर’ आणि मराठीत काळा कुडा म्हणतात त्या झाडाचे पांढरट, मऊ, बारीक पोताचे लाकूड वाळवून चरकावर कातले जाते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगभर बसते, आणि केवड्याच्या जातीच्या वाळल्या पानाने दाबून घासले की तिला झिलई येते. यात ब्रश नाही, रंग पातळ करणारे द्रावण नाही, रंग सुकण्याची वाट पाहणे नाही. सावंतवाडीच्या चितारअळीतील लाकडी फळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक चटकन उमगेल, कारण तिथे फळाचा जिवंतपणा चिताऱ्याच्या ब्रशातून येतो, तर इथे रंग आणि चकाकी दोन्ही चरकावरच उतरतात.

तथापि प्रक्रिया सुंदर आहे एवढ्यावरून ती आपोआप शाश्वत ठरत नाही. लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील किड्यापासून मिळते आणि तिचा मोठा पुरवठा झारखंड-छत्तीसगडकडून होतो, म्हणजे स्थानिक म्हणून गौरवलेल्या वस्तूचे अर्धे अंग दूरच्या रानावर अवलंबून आहे. झाड तोडण्याचा वेग लावण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर लाकूड पुन्हा उगवते हे विधान कागदापुरतेच खरे राहते. आणि लाखेत मिसळलेला रंग घातक असेल, तर औषधी गोळ्यांवरही चढवली जाणारी ती निरुपद्रवी लाखच तो रंग मुलाच्या तोंडापर्यंत नेते. शुद्ध, अनादी परंपरेचा युक्तिवादही टिकत नाही. या कलेचे मूळ स्थानिक परंपरा टिपू सुलतानाच्या काळातील इराणी कारागिरांकडे नेते आणि पुढची सुधारणा जपानी तंत्र आणणाऱ्या बावस मियाँ यांच्या नावे सांगते. ऐतिहासिक पुराव्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हे गाव स्वतःची कथा उसनवारीची म्हणूनच अभिमानाने सांगते, ही गोष्ट परंपरावाद्यांच्या ध्यानात कशी येत नाही, याचे नवल वाटते.

दुसरा पक्ष अधिक प्रतिष्ठित, आणि म्हणून अधिक अपायकारक. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ साली उभी राहिली, तिच्यामागे चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८ चा अहवाल होता. त्या अहवालाने आदर्श म्हणून पुढे ठेवलेली वस्तू कोणा एका प्रतिभावंताची नव्हती, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडलेला साधा लोटा होता. त्याच परंपरेत शिकून कारागिराला निव्वळ हात समजणे म्हणजे धडा अर्धाच वाचणे होय. लाकडाची शीर कुठे फुटेल, लाख किती तापली की करपेल, हे ज्ञान चरकापाशी बसणाऱ्यालाच असते, आणि ते विचारात न घेता काढलेला आराखडा प्रदर्शनात शोभतो, बाजारात टिकत नाही.

अभिकल्पाचे खरे काम या दोन्हींच्या पलीकडे आहे. बंगळुरूच्या आसपास काम करणाऱ्या काही संस्थांनी हळद, नीळ, कात यांसारख्या वनस्पतिजन्य रंगांकडे वळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हळदीचा पिवळा उन्हात फिका पडतो ही अडचण आलीच; पण ती लपवण्याऐवजी रंगांची मर्यादित श्रेणी हीच रचनेची अट मानणे, फांदीच्या जाडीला साजेसा आकार ठरवणे, उरलेल्या तुकड्यांतून मणी नि बटणे काढणे, असे निर्णय म्हणजेच शाश्वत अभिकल्प. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या खेळण्यांच्या गुणवत्ता आदेशातून भौगोलिक मानांकन असलेल्या उत्पादनांच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांना सूट मिळाली, आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांना ते मानांकन २००५-०६ मध्येच मिळालेले आहे. ही सूट लहान कारागिराला चाचणीच्या खर्चातून वाचवते हे खरे, परंतु खेळणे चावणाऱ्या मुलाला सूट ठाऊक नसते, म्हणून रंगाची जबाबदारी अभिकल्पकाने स्वतःहून घ्यावी लागते.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न मजुरीचा आहे, आणि त्याला दोन्ही पक्ष हात घालत नाहीत. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाने गावाला वळसा घातल्यावर जुन्या रस्त्यावरील दुकानदारांनी गिऱ्हाईक घटल्याची तक्रार केली. म्हणजे वस्तू तीच, लाकूड तेच, लाख तीच, तरी उपजीविका डगमगली. त्यातच मजुरी नगावर ठरत असेल, तर जो कातारी लाकूड वाचवण्यासाठी प्रत्येक तुकडा उलटून पाहतो, त्याचे दिवसाचे नग कमी भरतात, आणि वाचवलेल्या लाकडाचा हिशेब त्याच्या वहीत कुठेच चढत नाही.