थिबाचा मुक्काम अजून रत्नागिरीतच

ब्रह्मदेशाचा थिबा राजा रत्नागिरीत वारला डिसेंबर 1916 मध्ये. त्याला मूठमाती मिळायला 1919 साल उजाडलं. मधली दोन वर्षं आणि वर काही महिने त्याची शवपेटी राजवाड्याच्या आवारात तशीच होती. 1912 मध्ये गेलेली धाकटी राणी सुपयागले, तिचंही तेच. पट्टराणी सुपयालत हटून बसली होती. राजाला पुरायचं तर ब्रह्मदेशात, इथे नाही. मुंबई सरकारचंही ठरलेलं होतं, पुरायचं तर इथेच. अर्ज गेले, नकार आले. शेवटी सरकारनं ख्रिस्ती दफनभूमीला लागून एक छोटी जागा भिंत घालून बंदिस्त केली आणि राजा-राणीला तिथे पुरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरच्या मंडळींना मायदेशी जायची परवानगी मिळाली. क्रम लक्षात घ्यावा. आधी प्रेताची सोय, मग जिवंत माणसांची सुटका.

रत्नागिरीला येणारा पाहुणा मांडवी बघतो, भाट्याची खाडी बघतो, आरे-वारेला फोटो काढतो आणि थिबा पॅलेस उरकतो. राजवाडा आहेही बघण्यासारखा. जांभ्याचं आणि विटांचं बांधकाम, उतरती छपरं, अर्धगोलाकार लाकडी खिडक्या, त्यांच्यावरचं नाजूक कोरीवकाम. पण गंमत अशी, की ज्या वाड्याला त्याचं नाव चिकटलं त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. 1886 च्या एप्रिलमध्ये 'क्लाइव्ह' नावाच्या बोटीतून तो इथे उतरला, आणि वाडा बांधून झाला 1910 मध्ये. मधली चोवीस वर्षं गोऱ्या साहेबांसाठी बांधलेल्या बंगल्यांत गेली. समाधीत मात्र तो शंभरावर वर्षं आहे. ती शिवाजीनगर भागात आहे, आणि तिकडे पाहुण्यांचं पाऊल क्वचितच वळतं.

गादी गेली तेव्हा थिबाचं वय सव्वीस. नोव्हेंबर 1885 मधलं इंग्रजांशी झालेलं ते युद्ध पंधरवडाभरसुद्धा चाललं नाही. मंडालेच्या राजवाड्यातून राजा-राणीला बैलगाडीत बसवून इरावतीच्या धक्क्यावर नेलं, तिथून बोटीनं रंगूनला आणि पुढे मद्रासला. तीन-चार महिन्यांनी सरकारनं रत्नागिरी मुक्रर केली. का, याचं उत्तर नकाशात आहे. रेल्वे नाही, पाठीशी सह्याद्री, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. राजा पळाला तरी जाणार कुठे? पुढे 1924 मध्ये सावरकरांना स्थानबद्ध करायला हेच गाव निवडलं गेलं, त्यामागेही हिशेब हाच असणार. रत्नागिरीला आगगाडी पोहोचली कोकण रेल्वे आली तेव्हा, आणि मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था पाहता इंग्रजांची निवड चुकली होती असं अजूनही म्हणवत नाही.

एक योगायोग रत्नागिरीकरांच्या तोंडी असतोच. थिबा टिळकांच्या जन्मगावी कैदेत, आणि 1908 ते 1914 टिळक थिबाच्या राजधानीत, मंडालेत कैदेत. एकानं 'गीतारहस्य' लिहिलं. दुसऱ्यानं जवळची माणकं एकेक करून विकली, कारण सरकारी तनखा पुरत नव्हता आणि हात राजाचाच होता. डावं-उजवं करायचं कारण नाही. टिळकांना सुटकेची तारीख होती, थिबाला नव्हती.

मेलेल्या राजाची इंग्रजांना एवढी भीती का वाटावी? जिवंत राजा ताब्यात ठेवता येतो, त्याची पत्रं उघडता येतात, तनखा कापता येतो. समाधीचं काही करता येत नाही. तिथे लोक जमतात, दिवा लावतात आणि मग बोलायला लागतात. हे साहेबाला 1857 नंतर पुरतं कळलं होतं. बहादूरशहा जफर 7 नोव्हेंबर 1862 ला रंगूनमध्ये वारला, आणि त्याच दिवशी त्याला पहाऱ्याच्या कोठडीमागे चुन्यात पुरून टाकलं. वरची जमीन सारखी केली, भोवती बांबूचं कुंपण घातलं. पहाऱ्यावरच्या कॅप्टन डेव्हिसनं लिहून ठेवलंय, की कुंपण कुजेपर्यंत गवत उगवलेलं असेल आणि शेवटचा मोगल नेमका कुठे निजलाय हे ओळखू येणार नाही. त्याचा हिशेब सव्वाशे वर्षांहून जास्त टिकला. खरी कबर सापडली फेब्रुवारी 1991 मध्ये, तीही नाल्यासाठी खोदताना. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला, अशी ही अदलाबदल.

महाराष्ट्राच्या वाट्याला असा आणखी एक पाहुणा आला होता, तो मात्र मेल्यावर. महाराजा रणजितसिंगांची राणी जिंदन कौर 1863 मध्ये लंडनला वारली. तिचा अंत्यविधी पंजाबात व्हावा अशी मुलाची, दलीपसिंगांची इच्छा. सरकारनं पंजाबची वेस बंद ठेवली. मग 1864 मध्ये प्रेत मुंबईत उतरवलं आणि दहन इकडेच झालं. मुलानं नाशिकला गोदावरीकाठी छोटी समाधी बांधली. साठ वर्षांनी नात बंबा हिनं तिची रक्षा लाहोरला, रणजितसिंगांच्या समाधीशी नेऊन ठेवली. म्हणजे राणीला निदान साठ वर्षांनी तरी घर मिळालं. थिबाला शंभर वर्षांत मिळालेलं नाही.

घरापासून दूर मरण येण्यातून आपल्याकडचे लोकही सुटले नाहीत. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज 1847 मध्ये काशीत गेले, दुसरा बाजीराव 1851 मध्ये बिठूरला, वासुदेव बळवंत फडके 1883 मध्ये थेट एडनच्या तुरुंगात.

सुपयालतचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. 1919 मध्ये ती रंगूनला परतली, पण मंडालेला जायची मुभा नव्हती. 1925 मध्ये ती वारली तेव्हा लोकांनी तिला मंडालेत ठेवायचं म्हटलं. पुन्हा नकार. श्वेडगॉन पॅगोडाच्या रस्त्यावर तिची समाधी बांधली गेली. पुढे त्याच आवारात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनाही जागा मिळाली. आता हिशेब असा: थिबाचा बाप मिंडन मंडालेच्या राजवाड्यात, बायको रंगूनला, स्वतः रत्नागिरीला. ज्या माणसासाठी तिनं दोन वर्षं शवपेटी मातीआड होऊ दिली नाही, त्याच्यापासून ती समुद्रापल्याड राहिली.

थोरली राजकन्या फाया जी हिची गोष्ट रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक असते, बहुधा तिखटमीठ लावून. राजवाड्यावर चाकरीला असलेल्या गोपाळ सावंतांशी तिचं जमलं. 1906 मध्ये टुटू ही मुलगी झाली. मायदेशी गेल्यावर तिथे मन रमेना, तेव्हा ती लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि 1947 च्या जूनमध्ये इथेच, हलाखीत वारली. तिच्यामागे स्वातंत्र्य यायला दोन महिनेच उरले होते. टुटू पवारांच्या घरात पडली, अस्खलित मराठी बोलली, 2000 मध्ये गेली. थिबाच्या कोनबाँग घराण्याची एक फांदी त्यामुळे आज मालवणी मसाल्यात वाढते आहे, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही.

याच जिल्ह्यात, रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर पावसला, स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. 1974 मध्ये त्यांनी देह ठेवला. तिथे रोज माणसं येतात, प्रसाद घेतात, उत्सवाला मंडप पुरत नाही. ज्याला लोक आपलं मानतात त्याच्या समाधीची निगा आपोआप राखली जाते. थिबाचे लोक कोण, हा खरा प्रश्न. ब्रह्मदेशाच्या दृष्टीनं तो दूर गेला, रत्नागिरीच्या दृष्टीनं तो सरकारी पाहुणा. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे आले, समाधीवर फुलं वाहिली, वंशजांना भेटले. शंभराव्या पुण्यतिथीला, 2016 मध्ये, तिकडचे उपराष्ट्रपती आणि सेनाप्रमुख आले. तेवढ्यापुरतं गावाला आठवलं, की आपल्याकडे एका देशाचा शेवटचा राजा आहे.

त्याचे अवशेष परत न्यावेत अशी मागणी म्यानमारमध्ये अधूनमधून उठते. न्यावेत की नाही, हे ठरवायचा हक्क वंशजांचा, आणि त्यातले काही रत्नागिरीचेच आहेत. सरकारांनी परस्पर सौदा करू नये. परस्पर घेतलेल्या सरकारी निर्णयातूनच तर तो इथे आला. तोवर राजवाड्याच्या डागडुजीवर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा त्या भिंतीआडच्या जागेकडे वळवायला हरकत नसावी. एक नीट फलक लावावा, मराठीत आणि बर्मीतही. आत कोण आहे, कधी आला, का जाऊ शकला नाही, एवढं त्यावर असलं तरी पुरे.

आणि पुढच्या खेपेला रत्नागिरीला गेलात तर रिक्षावाल्याला नुसतं 'थिबा' म्हणू नका, तो सरळ पॅलेसवर नेऊन सोडेल. 'शिवाजीनगर, थिबा राजाची समाधी' असं नीट सांगा.